धुऱ्यावरचा हात

आमच्या रस्त्याकडच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बाबांनी कधी भारी धान लावला नाही. भारी धान उशिरा पिकतो, आणि ही बांधी दिवाळीला रिकामी लागायची, कारण दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरायची आणि त्या रात्री तिच्यात नाटक व्हायचं. त्यामुळे दरवर्षी हलका धान, लवकर कापणी, आणि कापणी संपते न संपते तोच कुदळ. शेजारीपाजारी चिडवायचे, "तुमची बांधी धान नाई पिकवत, नाटक पिकवते." बाबा नुसते हसायचे आणि पान जमवत राहायचे.

यंदाच्या मंडईला मी पुन्हा त्या बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, जाऊन बसले. कितीतरी वर्षांनी. दुपार कलत होती. समोर खड्डा तयार होता, खड्ड्यापलीकडे मातीचा मंच, मंचावर बांबूच्या मेढी आणि अर्धवट बांधलेले पडदे. ऊन उतरलं की माझा थोरला भाऊ त्या मंचावर येऊन एक वाक्य बोलणार होता. ते धुऱ्यापर्यंत ऐकू आलं तर मी हात वर करायचा, नाही आलं तर नाही. काम एवढंसंच होतं. लहानपणी मी ते किती मजेत करत असे! त्या दिवशी मात्र मला ते नको झालं होतं.

आमच्याकडे मंच बांधत नाहीत, खणतात. हे मी नागपुरात सांगते तेव्हा लोकांना खरं वाटत नाही. बांधीच्या एका टोकापासून माती काढायला लागायचं. धुऱ्यापाशी वरवर, पुढे पुढे खोल, म्हणजे मागच्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून दिसतं. निघालेली सगळी माती दुसऱ्या टोकाला टाकायची, पाणी मारून धुमसायची, की झाला मंच. जेवढा खोल खड्डा, तेवढा उंच मंच. म्हणजे लोक ज्या मातीच्या जागी बसतात तीच माती नटांच्या पायाखाली असते. मग शेणाचा सडा, त्यावर वहिनीच्या आधी आईच्या आणि आईच्या आधी आजीच्या हातची रांगोळी, आणि खड्ड्यात बसायला तणीस, धानाचा पेंढा. नव्या तणसाचा तो गोडसर, नाकात चुरचुरणारा वास मला कुठल्याही बंदिस्त नाट्यगृहात बसले तरी अचानक येतो आणि मी उगाच आजूबाजूला पाहते.

मृगाच्या आधी ती माती पुन्हा खड्ड्यात लोटायची. पण लोटलेली माती आणि मूळची माती यांत काहीतरी फरक राहतोच. श्रावणात धान उभा राहिला की मंचाच्या जागचा धान बाकीच्यापेक्षा बुटका आणि फिकट दिसायचा. बांधीच्या एका टोकाला फिकट हिरवा चौकोन, त्याच्या पुढच्या कडेला एक लहानसा गडद ठिपका. शाळेत जाताना मी तो चौकोन पाहायची आणि मला दिवाळी किती लांब आहे ते कळायचं. गडद ठिपका बाबांच्या खड्ड्याचा.

बाबा प्रॉम्प्टर होते. नटांना वाक्यं सुचवायचं काम. मंचाच्या पुढच्या कडेला, ऐन मध्यावर, माणूस छातीपर्यंत बसेल असा खड्डा खणायचा, त्यावर लोकांच्या बाजूने बांबूच्या तट्टीची टोपी बसवायची, आत एक पाट, एक कंदील आणि बाबा. लोकांना तट्टी दिसे, नटांना बाबांचा चेहरा. कंदिलाच्या उजेडात खालून पाहणारा तो चेहरा नटांना किती धीर देत असेल ते मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की मंडईच्या दुसऱ्या दिवशी बाबांच्या अंगाला रॉकेलचा आणि ओल्या मातीचा वास येतो आणि ते जेवायला बसल्यावर मला एकच प्रश्न विचारतात. "माझा आवाज आला का वो धुऱ्यावर?" मी म्हणायची, "नाही." मग ते खुशीत भातावर लाखोरीची डाळ ओढून घ्यायचे. प्रॉम्प्टरचा आवाज मंचावर पोचायला हवा आणि धुऱ्यावर अजिबात नको, हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना.

आणि नटाचा आवाज मात्र धुऱ्यावर पोचायलाच हवा. भोंगे यायच्या आधीपासूनची ही रीत. नाटकाच्या संध्याकाळी, पडदे बांधून झाले की, ज्याचं पहिलं वाक्य असेल तो नट रिकाम्या मंचावर उभा राहून रिकाम्या खड्ड्याला ते वाक्य ऐकवणार. बांधी ज्यांची, त्या घरचं एक जण धुऱ्यावर बसणार. हात वर झाला की सगळे "हो" करून ओरडणार, नारळ फुटणार. हात वर झाला नाही तर माती अजून काढायची, नाहीतर नट बदलायचा. आमच्या गावातल्या बहुतेक नाटकांत राजा असायचाच, आणि राजाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "कोण आहे रे तिकडे?" आत प्रधान किंवा शिपाई तयार असे, पण मला वाटायचं राजा मलाच विचारतो आहे. मी उभी राहून हात वर करायची, अगदी बोटं ताणून.

बाबांनी हे काम देताना मला बजावलं होतं, "ऐकू आलं तंच हात वर करजो. नाई आलं तं नाई. कोनाच्या तोंडाकडे पाहू नको. खोटा हात नाई पायजे." एका वर्षी राजा झालेल्या गृहस्थांना सर्दी झाली होती. मोठे भारदस्त होते, मिशा खऱ्या होत्या. त्यांनी तीनदा आरोळी ठोकली आणि मी तीनदा तशीच बसून राहिले. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं, मी तणसाच्या काडीने पायाचा अंगठा खाजवत होते. शेवटी माणसांनी पुन्हा कुदळी उचलल्या, खड्ड्याचा पुढचा भाग खोल केला, बाजूच्या तट्ट्या मागे सरकवल्या, तेव्हा कुठे आवाज आला. राजेसाहेब रागाने लाल. बाबा मात्र मला खांद्यावर घेऊन शिंगाडे खायला घेऊन गेले. मंडईतल्या त्या उकडलेल्या शिंगाड्यांची वाफ, काळ्या सालीत अडकलेली नखं, आणि बाबांच्या खांद्यावरून दिसणारी गर्दी. त्या दिवसापासून गावात माझं नाव झालं. हट्टी पोरगी, पण खोटा हात करत नाही.

पुढे दादा राजा झाला. बाबा खाली, दादा वर. दादाचा आवाज असा की त्याने शेतातून बैलांना हाक मारली तर आई घरात भाकरी थापता थापता "आला" म्हणायची. त्याच्यासाठी धुऱ्यावर कान द्यावाच लागला नाही. तो "कोण" म्हणायचा आणि माझा हात वर. मग माझं लग्न झालं, मी नागपूरला गेले, धुऱ्यावर घरच्याऐवजी शेजारची पोरं बसायला लागली. बाबा गेले. प्रॉम्प्टर विंगेत खुर्चीवर आला, त्याच्या हातात टॉर्च आली. मंचावर माईक लोंबू लागले. पण दादा दरवर्षी मंच खणताना बाबांचा खड्डा खणायचाच. "कायले पायजे तो आता?" म्हणून पोरं हसायची. एकदा पडदा ओढणारा त्यात पडला, तरी दादाने तो बुजवू दिला नाही.

या उन्हाळ्यात दादाला लकव्याचा झटका आला. डावा हात आणि पाय हळूहळू ताळ्यावर आले. जीभही फारशी जड राहिली नाही. आवाज मात्र गेला तो गेलाच. म्हणजे बोलतो, सगळं बोलतो, पण शेजारी बसावं तेव्हा कळतं.

दिवाळीच्या आठवड्यात त्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं रेंज नाही. मी हॅलो हॅलो करत गच्चीवर गेले. शेवटी वहिनीने फोन घेतला आणि दादा जे बोलत होता ते मला सांगितलं. "ते म्हणून राहिले का यंदा धुऱ्यावर तू बसजो."

"काऊन? गावात काय माणसं नाहीत?"

फोन पुन्हा त्याच्याकडे गेला असावा. मी श्वास रोखून ऐकलं तेव्हा शब्द आले. "गावातले सारे हात वर करून देतीन, बाई. मले दया नाई पायजे."

त्यानंतर मला नीट झोप लागली नाही. भाऊबीजेला मुलीला, पल्लवीला, घेऊन निघाले. देवरीला महामार्गावर बसमधून उतरलो, तिथून ऑटो. दोन्ही बाजूंना भारी धान अजून उभा, पिवळा पडत चाललेला, मधेमधे कापलेल्या बांध्या. ऑटोवाला हिंदीत विचारत होता, "मंडई है क्या मॅडम आपके गाँव में? राजा कौन बन रहा इस बार?" मी बाहेर कापलेल्या बांध्या मोजत राहिले. पल्लवीनेच त्याला उत्तर दिलं, "मामा." किती अभिमानाने म्हणाली!

ओवाळताना दादाने मान खाली घेतली, कुंकू लावून घेतलं, आणि ताटात ओवाळणी टाकून माझा हात धरला. उजवा हात, नेहमी वर करायचा तो. त्याची बोटं सैल होती. तो बाहेर गेल्यावर वहिनी चुलीपाशी माझ्या जवळ सरकली.

"बाई, एक सांगू?"

"सांग."

"हात वर करून देजो वो." तिने पदराने डोळे टिपले, धुराचं निमित्त होतंच. "उन्हाळ्यापासून हा माणूस त्या एका दिवसासाठी जगून राहिला. रोज सकाळी कोठ्यात जाऊन म्हसीसमोर राजा करते. म्हैस तरी कान हालवते."

मी हसले आणि मग मला हुंदकाच आला. मी तिला हो म्हटलं नाही, चुलीतलं लाकूड तेवढं पुढे सारलं.

मंडईच्या दिवशी सकाळीच मंडळाचा अध्यक्ष गोपाल येऊन गेला. शेजारच्या घरचा पोरगा, पूर्वी नाकातला शेंबूड पुसत आमच्या अंगणात फिरायचा, आता पांढऱ्या बुटात. त्याचंही म्हणणं तेच. "आत्याबाई, तुमी टेन्शन नका घेऊ. माईक हाय, भोंगे हाय, आवाज पुरा गावभर नेतो आपन. तुमी हात वर करून द्या, बस."

"आणि नाही केला तर?"

त्याने वाकून बुटावरची धूळ झटकली. "वडश्याहून एक पोरगा बोलावून ठेवला हाय. पाठांतर झालं त्याचं थोडंफार. पण काकाच्या मनात..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. मागून दादा आला होता. दादाने गोपालच्या खांद्यावर हात ठेवून अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन सांगितलं, म्हणून मलाही ऐकू आलं. "हात वर झाला तं मी उभा. नाई तं नाई. माईकचं मले सांगू नको."

म्हणजे सगळं येऊन पडलं माझ्यावर. खोटा हात केला तर रात्री हजारो माणसांसमोर त्याचा तो बारीक आवाज भोंग्यातून घरघरत बाहेर येईल, लोक "जोराने" म्हणून ओरडतील, पोरं शिट्ट्या मारतील, आणि त्याला कळेल की बहिणीनेही दया केली. हात वरच केला नाही तर त्याच्या उभ्या आयुष्यात त्याला जे एकच काम मनापासून येत होतं ते मी त्याच्याकडून काढून घेईन, तेही सगळ्या गावासमोर. मला दोन्हीपैकी एकाही बाजूचा विचार पुरा करता येत नव्हता.

दुपारी मी धुऱ्यावर जाऊन बसले होते, तिथून पल्लवी मला ओढून मंचापाशी घेऊन आली. ती नागपुरात नाटकाचं शिकते, मंच दिसला की तिला राहवत नाही. दादा मेढीला टेकून खुर्चीवर बसला होता, पोरं पडदे बांधत होती. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, महालाचा पडदा. महालातला मोर मी ओळखला. गुंडाळून गुंडाळून त्याचा एक पाय पुसून गेला आहे, तो माझ्या लहानपणीच गेला होता. पडदा उलगडला की बांबूचा करकर आवाज, जुन्या रंगाची आणि उंदरांची मिश्र घाण. मला ती घाणसुद्धा हवीशी वाटली. बायका नाटकात येण्याआधी आमच्याच गावचे पुरुष राणी व्हायचे, याच पडद्यामागे तोंडाला सफेदा आणि खोबरेल चोळत बसायचे, आणि आईने पाठवलेली पोपटाच्या शेंगांची भाजी राणीच्या वेशात नथ सांभाळत खायचे. पुढच्या कडेला तेलाचे डबे उभे कापून त्यांत दिव्यांची रांग लावायचे, म्हणजे नटांच्या तोंडावर खालून उजेड पडे आणि राक्षस अजून राक्षस वाटे. ते डबे कधी गेले ते कोणालाच सांगता आलं नाही.

"मामा, तुम्हाला माहीत आहे का," पल्लवी दादाच्या पायाशी बसत म्हणाली, "ग्रीस देशात पहिली नाटकं झाली ती जागा गोल होती. काही लोक म्हणतात, ती मुळात धान्य मळायची जागा. खळंच."

दादाचे डोळे चमकले. तो काहीतरी म्हणाला. पल्लवीने कान जवळ नेला आणि हसत सुटली. "म्हणतात, म्हणजे तेबी आपल्यासारखेच धानवाले."

"गहूवाले असतील," मी म्हटलं.

"आणि त्या जागेच्या मागे एक तंबू असायचा, नट आत जाऊन मुखवटे बदलायचे. त्या तंबूच्या नावावरूनच पुढे सीन हा शब्द आला. तुमचा तो पळसाच्या फांद्यांचा रंगपट असायचा ना, अगदी तसा." मग तिने आपल्याकडचं सांगितलं. जुन्या ग्रंथांत मंचाच्या मागच्या भागाला नेपथ्य म्हणायचे आणि तिथेच नट सजायचे; पडद्याला यवनिका म्हणायचे, ते नाव यवनांवरून आलं असं काही म्हणतात, काही ते मानत नाहीत; नाटक सुरू व्हायच्या आधी मंचाची पूजा व्हायची, खांब रोवायचे तेही मुहूर्त पाहून. दादा सगळं मन लावून ऐकत होता. इंग्रजांकडे चित्रं काढलेल्या चौकटी दोन्ही बाजूंनी आत सरकवायचे, तीच विंग, असं ती म्हणाली तेव्हा त्याने आमच्या विंगेकडे पाहिलं. तिथे कोणाची तरी लुंगी वाळत होती.

"आणि हा?" दादाने पुढच्या कडेकडे बोट केलं. बाबांचा खड्डा. यंदाही खणलेला, वर नवी हिरवी तट्टी.

"तिकडच्या मोठमोठ्या नाट्यगृहांत अजून असतो," पल्लवी म्हणाली. "मंचाच्या मधोमध, टोपीसकट. आत बसणाऱ्याला एकट्यालाच अख्खं नाटक माहीत असतं."

दादाने उठून तट्टीची टोपी जरा सरळ केली. मग त्याने मला हाताने खूण केली. धुऱ्यावर जा. वेळ झाली होती.

मी खड्ड्याच्या कडेकडेने चढत धुऱ्यावर गेले. तणसात पाय रुतत होते. मागे वळून पाहिलं तर मंच एकदम लहान दिसत होता, आणि त्यावर दादा त्याहून लहान. मंडळाची पोरं, गोपाल, वहिनी, पल्लवी, सगळे बाजूला उभे राहून गप्प झाले. गावाकडून मंडईचा ढोल ऐकू येत होता, कोणीतरी जाऊन तो थांबवून आलं. जिलेबीचा आणि उसाच्या चरकाचा वास मात्र येतच राहिला.

दादाने राजाचा मुकुट डोक्यावर चढवला, दोन्ही पाय घट्ट रोवले. छाती भरली. त्याचे ओठ हलले.

मला काही ऐकू आलं नाही.

चिमण्या ऐकू आल्या, माझ्या बांगड्या ऐकू आल्या. चिमण्यांमुळे ऐकू आलं नसेल असं मी स्वतःला सांगितलं. त्याने पुन्हा म्हटलं. मानेच्या शिरा ताठ झालेल्या मला एवढ्या लांबून दिसल्या. वहिनी माझ्याकडे पाहत होती. हाताचं बोट जरासं उचललं असतं तरी त्या दिवशी सगळे "हो" करून ओरडले असते. कोनाच्या तोंडाकडे पाहू नको. मी डोळे मिटले. तिसऱ्यांदाही धुऱ्यावर फक्त चिमण्याच होत्या.

डोळे उघडले तेव्हा दादा माझ्याकडेच पाहत होता. मला बसवेना. मी उठले आणि हात खालीच ठेवून खड्ड्यात उतरू लागले. असं कधीच कोणी केलं नव्हतं, रीतीत ते बसत नव्हतं, पण दुसरं मला सुचेना. त्याला समजलं असावं. तो पुन्हा बोलला. मी थांबले, ऐकलं, नाही आलं, पुढे गेले. तो पुन्हा बोलला. खड्डा खोल होत गेला, तणीस दाट, मंच माझ्या डोक्यावर चढत गेला. मधल्या भागात आले तेव्हा शब्दांशिवाय नुसता वाऱ्यासारखा आवाज आला. पुढे गेले. पहिल्या रांगेच्याही पुढे. आणि मग आला. स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं.

"कोण आहे रे तिकडे?"

मी हात वर केला. बोटं ताणून. "मी आहे, दादा."

कोणी ओरडलं नाही. नारळ फुटला नाही. दादाने माझ्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं, मग मी उभी होते त्या जागेकडे. माझ्या कोपराला बाबांच्या खड्ड्याची तट्टी लागत होती. मी ती जागा निवडली नव्हती, देवाशपथ. आवाज तिथवरच येत होता.

"इथी आलं?" त्याने विचारलं.

"इथं आलं."

"धुऱ्यावर?"

माझी मान नकारार्थी हलली. मला रडू येत होतं, पण मी हात खाली घेतला नाही.

दादा मंचाच्या कडेला सावकाश बसला. वहिनी धावली, त्याने तिला थांबवलं. डोक्यावरचा मुकुट काढला, उलटा करून पाहिला आणि गोपालला जवळ बोलावलं. "त्या वडश्याच्या पोराले दे. ढिला होईन त्याले. आतून कापूस भरजो." मग धोतर सावरत, एक पाय, दुसरा पाय, तो बाबांच्या खड्ड्यात उतरला. पाट आपटून सरळ केला. मान वर काढून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि एका गालाने हसत म्हणाला, "थंडी हाय वो, बाबाची जागा."

वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

नाटक उभं राहिलं तेव्हा मी पुन्हा धुऱ्यावर होते. खड्डा डोक्यांनी भरला होता, पोरं घोंगड्यांत, म्हाताऱ्या तणसात पाय खुपसून. माईक मंचावर उंच लोंबत होते, बाबांच्या खड्ड्यापासून लांब. पडदा वर गेला, पाय पुसलेल्या मोराच्या महालात वडश्याचा तो पोरगा आला. आवाज चांगला होता. "कोण आहे रे तिकडे?" म्हणाला आणि भोंग्यांनी ते पार रस्त्यापलीकडे नेलं. पुढच्या एका लांब वाक्याच्या मध्यावर तो थांबला. अडकला. खड्ड्यातली कुजबुज थांबली, माझ्या शेजारच्या बाईने तोंडातला शिंगाडा तसाच धरला. पोराची नजर खाली गेली, तट्टीच्या टोपीकडे, क्षणभरच. त्याचे खांदे सैल झाले. मग वाक्य पुढे गेलं, न तुटता, शेवटपर्यंत, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

धुऱ्यावर मला दादाचं काहीच ऐकू आलं नव्हतं. एक अक्षरही नाही. अंधारात मी उभी राहिले आणि हात वर केला.